स्वस्ताईचा हिशेब

भारताची अर्थव्यवस्था जगात कितवी, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवताना हे दरवर्षी सांगावे लागते, आणि दरवर्षी वर्गातून कोणीतरी विचारते, की सर, मग परीक्षेत कोणते लिहायचे? २०१७ सालचे आकडे घेऊ, कारण त्या वर्षी जगभरच्या किमतींची पद्धतशीर पाहणी झाली होती. त्या वर्षी एका डॉलरला सरासरी ६५ रुपये १२ पैसे पडत होते. त्या दराने भारताचे वर्षभराचे उत्पादन अडीच लाख कोटी डॉलरच्या थोडे वर, म्हणजे जगाच्या उत्पादनाच्या जेमतेम ३.२ टक्के भरत होते. अमेरिकेत एका डॉलरला जेवढे मिळते तेवढे भारतात घ्यायला किती रुपये लागतात, असा प्रश्न विचारला की उत्तर ६५ येत नव्हते, २० रुपये ६५ पैसे येत होते. या दुसऱ्या दराने तेच उत्पादन आठ लाख कोटी डॉलर होते, जगातला वाटा ६.७ टक्क्यांवर जातो, आणि चीन व अमेरिकेनंतर आपण तिसरे ठरतो. देश तोच, शेते तीच, माणसे तीच. मोजायची पायली तेवढी बदलली. या दुसऱ्या पद्धतीला क्रयशक्ती समता म्हणतात, आणि अलीकडे वर्तमानपत्रांतून ती ‘पीपीपी’ या नावाने सर्वांच्या परिचयाची झाली आहे.

या कल्पनेचा उगम दारिद्र्य किंवा विकास मोजण्यात नाही. पहिल्या महायुद्धात युरोपातील चलनांची घडी विस्कटल्यावर कोणत्या चलनाचा कोणता विनिमय दर रास्त, हे ठरवण्यासाठी स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल यांनी १९१८ मध्ये हे नाव रूढ केले. देशांच्या उत्पादनाची तुलना करण्यासाठी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू झाला तो १९६८ पासून, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आयर्व्हिंग क्रेव्हिस, अ‍ॅलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी कार्यालयाबरोबर आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम हाती घेतला तेव्हा. पहिल्या फेरीत, १९७० सालासाठी, अवघे दहा देश होते आणि त्यांत भारत होता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जपान यांच्या शेजारी केनिया, कोलंबिया आणि आपण, अशी ती पंगत होती.

खरे तर पैशाच्या आकड्याला पोटाच्या मापाने तपासण्याची दृष्टी आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी होती. दादाभाई नौरोजींनी १८६७ ते १८७० या काळासाठी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न माणशी सुमारे २० रुपये काढले. मध्य प्रांताचा, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे जिल्हे ज्यात होते त्या भागाचा, त्यांचा आकडा १८ रुपयांचा होता. त्यांनी हे २० रुपये पौंडात बदलून इंग्लंडशी तुलना करण्यावर भागवले नाही. सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करते, तो आकडा त्यांनी शेजारी ठेवला, आणि मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही हे दाखवून दिले. रुपयाची किंमत रुपयात काय मिळते यावर ठरवायची, हेच तर या पद्धतीचे सूत्र आहे.

सूत्र सोपे असले तरी अंमल किचकट आहे. प्रत्येक देशात शेकडो वस्तू आणि सेवांच्या किमती गोळा कराव्या लागतात आणि त्या वस्तू एकमेकांसारख्या असाव्या लागतात. आशिया आणि प्रशांत विभागाचे हे काम आशियाई विकास बँकेमार्फत चालते, भारतात ते केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाकडे असते. आता आमच्या आठवडी बाजारात हे काम करायला कोणी उतरले तर काय होईल, याची मी अनेकदा कल्पना करतो. तांदूळ सापडेल, पण कोणत्या प्रतीचा हे ठरवण्यात सकाळ जाईल. ज्वारी आमच्याकडे घरोघरी आहे, अमेरिकेत ती बहुतांशी जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. तिथल्या माणसाच्या ताटाशी तिची जोडी कशी लावायची? मोहफुले, वाळवलेल्या अंबाडीची भाजी, जवसाचे तेल, घाटे, हरभऱ्याचा सोला ही तर आमच्या सवयीची खरेदी, आणि ती कोणत्याही आंतरराष्ट्रीय यादीत बसायची नाही. उलट ज्या वस्तू यादीत सहज बसतात, त्या पाकिटबंद आणि छापील किमतीच्या असतात, आणि त्या इथला मजूर सणासुदीला घेतो. सारखी वस्तू निवडावी तर ती प्रातिनिधिक राहत नाही, आणि प्रातिनिधिक निवडावी तर ती सारखी राहत नाही. या पेचातून पूर्ण सुटका अद्याप कोणत्याही फेरीला झालेली नाही. विजेचेच पाहा. युनिट म्हणजे युनिट, ते शिकागोतही तेवढेच आणि आमच्या फिडरवरही तेवढेच. पण थ्री फेजची पाळी रात्री आली म्हणून कडाक्याच्या थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री बांधावर उभे राहणाऱ्याला ते युनिट किती महाग पडले, हे लिहायला त्या तक्त्यात रकाना नाही.

तरीही या सगळ्या अडचणी तांत्रिक आहेत. मला जास्त वेळ अडवून धरणारा प्रश्न वेगळा आहे: आपल्याकडे मुळात एवढे स्वस्त का आहे? शंभर रुपयांची अमेरिकी खरेदी २०१७ च्या हिशेबाने इथे ३२ रुपयांत होते, ही किमया कोणाच्या खर्चाने होते?

याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर १९६४ मध्ये बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडले, आणि कापूस पिकवणाऱ्या मुलखात ते शिकवायला मला फळ्याची गरज पडत नाही. जी वस्तू देशाबाहेर विकता येते, तिचा भाव जगात साधारण एकच राहतो. कापसाचा भाव आमच्या अडत्याच्या मनावर नसतो. गाठीचा सौदा करणारा जिनिंगवाला न्यूयॉर्कच्या वायद्याकडे आणि सूतगिरण्यांच्या मागणीकडे बघूनच बोली लावतो. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि युद्ध संपताच ते गेले, तेव्हापासून हे असेच आहे. आता भाव दोघांना सारखा असेल, तर मजुराच्या पदरात किती पडणार हे त्याच्या हातून दिवसात किती माल निघतो यावर ठरते. अमेरिकेत कापसाची वेचणी जवळपास संपूर्ण यंत्राने होते आणि एक चालक दिवसाला कित्येक एकर मोकळे करतो. आमच्या कोरडवाहू पऱ्हाटीत बाई कमरेला ओटी बांधून सकाळी उतरते. बोंड फुटलेले असले, पाऊस झालेला नसला आणि ती सरावाची असली, तर दिवस मावळेपर्यंत तिची चाळीसेक किलो वेचाई होते. किलोला दहा-बारा रुपये दर धरला तर चारशे ते पावणेपाचशे रुपये. या चाळीस किलोंतून सरकी गेल्यावर तेरा-साडेतेरा किलो रुई उरते. तेवढ्या रुईच्या जागतिक किमतीतून बियाणे, खत, फवारणी, डवरणी, वाहतूक, जिनिंग आणि अडत वजा जाता वेचणाऱ्या बाईला याहून फार जास्त देता येतच नाही. शेतकऱ्याला इच्छा असली तरी.

हीच मजुरी मग गावातल्या इतर प्रत्येक कामाचा दर ठरवते. सलूनमध्ये कटिंगचे साठ-सत्तर रुपये घेणारा माणूस अमेरिकेत पंचवीस डॉलर घेणाऱ्याच्या तुलनेत काही सावकाश कात्री चालवत नाही. उलट पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा हात पाहावा. पण त्याने दर दुप्पट केला तर चारशे रुपये रोज कमावणारा त्याच्या खुर्चीत बसणार नाही, आणि त्याला स्वतःला ते दुकान सोडून जायचे म्हटले तर बाहेर जे मिळणार तेही तेवढेच. म्हणून शिंपी स्वस्त, गवंडी स्वस्त, पंक्चर काढणारा स्वस्त, शिकवणीचा मास्तर स्वस्त. जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये याची थोडी वेगळी उपपत्ती दिली: गरीब देशात भांडवल कमी आणि हात जास्त असतात, म्हणून ज्या कामात फक्त हात लागतात ते स्वस्त राहते. दोन्ही उपपत्ती आमच्या गावाला लागू पडतात, आणि दोन्हींतून निघणारी गोष्ट एकच, की आपल्या आकड्याला तिप्पट करणारी ही स्वस्ताई म्हणजे कोणाची तरी कमी मजुरी आहे. क्रयशक्ती समतेने देशाचे उत्पादन वर उचलले जाते ते त्या वेचणाऱ्या बाईच्या आणि त्या सलूनवाल्याच्या कमी दराच्या जोरावर.

म्हणून हा आकडा खोटा ठरतो असे मुळीच नाही. पोट भरले की नाही, केस कापले गेले की नाही, हे पाहायचे असेल तर तोच खरा आहे. एक कटिंग म्हणजे एक कटिंग, आणि ती साठ रुपयांत झाली म्हणून पाऊण डॉलरची धरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मात्र उलट टोकाला जाऊन आपल्या सगळ्या कटिंगा पंचवीस डॉलरने मोजल्या तर आपण भलतेच श्रीमंत दिसू लागतो, कारण जे स्वस्त असते ते माणूस जास्त वापरतो आणि तेच परक्याच्या महाग भावाने गुणले जाते. अलेक्झांडर गर्शेनक्रॉन यांनी सोव्हिएत यंत्रसामग्रीच्या आकड्यांचा अभ्यास करताना १९५० च्या सुमारास हा दोष दाखवून दिला होता. आजची पद्धत दोन्ही देशांच्या खर्चाचे वजन घेऊन त्यांचा मध्य काढते, त्यामुळे तो दोष बराच कमी होतो.

परंतु सरासरी देशाची असते, आणि आमचा शेतकरी सरासरीत राहत नाही. तो एकाच दिवसात दोन्ही दरांनी जगतो. सकाळी तो निंदणाच्या बायांना मजुरी देतो ती स्वस्त भारताच्या दराने. दुपारी कृषी केंद्रात उभा राहतो तेव्हा पोटॅश कॅनडा किंवा रशियातून आलेले असते, डिझेलमागचे खनिज तेल आखातातून आलेले असते, आणि त्यांच्या किमती रुपयाच्या घसरणीसकट त्याच्यापर्यंत पोहोचतात. सरकारने अनुदान देऊन युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांवर आणि डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांवर अडवून धरली आहे म्हणून बरे. मोटारसायकल, मोबाईल, यांतले काहीच ३२ टक्क्यांत मिळत नाही. आणि संध्याकाळी तो जे विकतो, तो कापूस आणि ते सोयाबीन, जगाच्या भावाने जाते. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला आणि पुढच्याच हंगामात खाली आला, यात त्याचा हात कुठेच नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उचलले. त्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झालेला होता, पण बाजारातली बोली बाहेरच्या भावाकडे बघून होत होती. कमाई डॉलरच्या लहरीवर आणि मोठा खर्चही डॉलरच्या लहरीवर. समतेचा स्वस्त रुपया त्याला भेटतो तो फक्त दुसऱ्याच्या मजुरीत आणि स्वतःच्या घरच्या ज्वारीत. ही घरची ज्वारीही हिशेबात धरली जाते, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना नवल वाटते; विक्रीला न गेलेल्या धान्याचे आणि स्वतःच्या मालकीच्या घराचे मोल अंदाजाने काढून राष्ट्रीय उत्पन्नात मिळवतात. त्या धान्याचे आणि त्या घराचे रांधणे, सारवणे मात्र दोन्ही पद्धतींत शून्य.

या पद्धतीचा मला सर्वांत खटकणारा कोपरा सरकारी सेवांचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षण किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला उपचार बाजारात विकला जात नाही, त्यामुळे त्याची किंमत म्हणून कर्मचाऱ्यांचे पगारच धरतात. पगार कमी म्हणजे सेवा स्वस्त, आणि सेवा स्वस्त म्हणजे तेवढ्याच रुपयांत तिचे ‘प्रमाण’ जास्त. या न्यायाने कंत्राटी शिक्षकाला अल्प मानधनावर ठेवले, आशा सेविकेला मोबदल्यावर राबवले, की तुलनेत देशाचे शिक्षण आणि आरोग्य कागदावर मोठे दिसण्याचा धोका असतो. हे तज्ज्ञांना माहीत नाही असे नाही. २००५ च्या फेरीत आशियातील देशांसाठी उत्पादकतेनुसार दुरुस्ती करावी लागली ती यामुळेच. पण दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग सांभाळणाऱ्या माणसाच्या तासाची उत्पादकता कोणत्या कोष्टकातून काढायची, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

त्या २००५ च्या फेरीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भारत १९८५ नंतर प्रथमच या पाहणीत उतरला होता, चीन तर पहिल्यांदाच. मधली वीस वर्षे जुन्या किंवा अंदाजी किमती पुढे ओढून आकडे काढले जात होते. २००७ च्या अखेरीस नवे निकाल आले आणि चीनची अर्थव्यवस्था एका फटक्यात सुमारे ४० टक्क्यांनी लहान झाली, भारताचीही जवळपास तेवढीच आकसली. त्या रात्री कोणाच्या घरची चूल विझली नाही की कोणाचे पीक बुडाले नाही, किमती आपल्या समजुतीपेक्षा जास्त होत्या एवढेच कळले. पुढच्याच वर्षी मार्टिन रॅव्हॅलियन आणि शाओहुआ चेन यांनी दारिद्र्याची फेरमोजणी केली तेव्हा जगातील गरिबांची संख्या आधीच्या समजापेक्षा सुमारे ४० कोटींनी जास्त निघाली. २०१४ च्या एप्रिलमध्ये २०११ च्या फेरीचे निकाल आले आणि या वेळी उलटे घडले: किमती कमी निघाल्या, भारत जपानला मागे टाकून तिसरा झाला, आणि त्या बातमीचा मथळा बराच मोठा होता. २००७ मध्ये आकुंचनाचा मथळा मी शोधूनही मोठा सापडला नव्हता.

दारिद्र्यरेषेच्या बाबतीत तर गैरसमज सुशिक्षितांतही पक्का बसलेला आहे. जागतिक बँकेची रेषा १९९० मध्ये दिवसाला एक डॉलर होती, मग १.२५, १.९०, २.१५ असे करीत जून २०२५ मध्ये ती तीन डॉलरवर आली. तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये, असे समजून लोक वाद घालतात. ते डॉलर समतेचे आहेत. २०२१ च्या भावाने त्यांचे माणशी दिवसाला साठ ते सत्तर रुपये होतात. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. चार माणसांच्या घरात एकाला एवढा रोज मिळाला तर माणशी ७८ रुपये पडतात, म्हणजे ते घर रेषेच्या वर बसते. पण हा रोज वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस मिळत नाही, आणि फेब्रुवारीत वेचणी आटोपल्यावर पहिला पाऊस पडेपर्यंत गावात काम किती असते, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

मला विचाराल तर राज्यकर्त्यांनी तिसऱ्या क्रमांकाचा उल्लेख भाषणात जरूर करावा, पण पोटॅशचे बिल त्याने भरता येत नाही हे लक्षात ठेवावे. कॅनडाची खाण आपल्याला बाजारातला दर लावते, समतेचा नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही सदस्य देशांचे वाटे, म्हणजे कोटे, ठरवण्याच्या सूत्रात उत्पादनाचे ६० टक्के वजन बाजारदराला आणि ४० टक्के क्रयशक्ती समतेला दिले आहे. ती तडजोड राजकीय होती, पण अडाणी नव्हती. देणी-घेणी आणि शस्त्रखरेदी पाहायची तर बाजारदर, माणसे काय खातात-लेतात ते पाहायचे तर समता. माझा विद्यार्थी परीक्षेत दोन्ही लिहितो आणि कशासाठी कोणते ते सांगतो, तेव्हा मी त्याला पूर्ण गुण देतो.

आता हे दोन दर हळूहळू एकमेकांकडे सरकायला हवेत, निदान सिद्धान्त तसे म्हणतो: देश जसजसा सुधारतो तसतशी मजुरी वाढते, मजुरी वाढली की सेवा महागतात, आणि समतेमुळे मिळणारी तिप्पट कमी कमी होत जाते. आमच्याकडे याची सुरुवात गुढीपाडव्याला दिसते, कारण त्या दिवशी सालगड्याचे साल ठरते. पूर्वी रोख रक्कम बेताची, वर ज्वारीचे पोते, गहू आणि कपड्यांचा जोड, असे बोलणे व्हायचे. आता तरुण मुलगा साल धरायलाच राजी नसतो, तो पुण्याजवळच्या कारखान्यात कंत्राटावर जातो. जो धरतो तो लाख-सव्वा लाखाखाली बोलत नाही आणि मोटारसायकलच्या पेट्रोलचे वेगळे मागतो. पारावर बसून शेतकरी म्हणतात की मजूर माजला. मला ही तक्रार ऐकवत नाही, कारण तीन पिढ्या ज्याच्या कमी दरावर शेती तगली त्याचा दर आता कुठे वर येतो आहे. पण तक्रार करणाऱ्याच्या हातातला कापूस अजून जगाच्याच भावाने जातो, एकरी उतारा पावसावरच आहे, आणि वाढलेल्या मजुरीला पुरे पडेल असे काही त्याच्या शेतात वाढलेले नाही, हेही तितकेच खरे आहे. गावातल्या आठ-दहा एकरवाल्यांनी म्हणूनच गेल्या काही वर्षांत कपाशी कमी करून सोयाबीन-तुरीकडे मोहरा वळवला, कारण त्याला हात कमी लागतात आणि कापणी-मळणीला हार्वेस्टर येतो. ज्यांना तेही जमत नाही, त्यांनी या पाडव्याला सालगड्याशी बोलणीच केली नाहीत. शेत मक्त्याने देऊन टाकले, आणि ते कसायला घेणाऱ्यांत दोघे जण आधी त्याच शेतांवर साल धरणारे होते.